हाक आणि पाटी

पनवेल मागे टाकून निघालेला महामार्ग पळस्पे फाट्यावर दुभंगतो. एक रस्ता खोपोलीचा घाट चढून पुण्याकडे जातो. दुसरा कर्नाळ्याच्या खिंडीतून पेण, महाड असा कोकण उतरत गोव्याला पोहोचतो. एका सकाळी पेणच्या एस.टी.ची वाट पाहत आम्ही त्या फाट्यावर उभे होतो. चहाच्या टपरीला लागून एक मालट्रक थांबला होता. त्याच्या केबिनमधून रेडिओचा आवाज येत होता. जाहिरात संपली आणि एका तरुण, हसऱ्या स्त्रीस्वराने पहिला शब्द चांगला ताणून पुकारा केला : ‘गुड मॉर्निंग मुंबई!’

टपरीवाल्याने दुधावरची नजर काढली नाही. ट्रकचालक टायरला हातोडी मारून पाहत होता, तो तसाच पाहत राहिला. आमच्याकडूनही काही प्रत्युत्तर गेले नाही हे ओघानेच आले. चालक बोलण्यावरून उत्तरेकडचा वाटत होता, टपरीवाला गावातलाच होता आणि आम्ही वाटसरू. पळस्पे मुंबईत नाही. ते रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात आहे. तरीही त्या क्षणी, त्या जागी, त्या अभिवादनाला दुसरे श्रोते नव्हते. मग ते अभिवादन होते तरी कुणाला?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण हा पुकारा गेली साठ वर्षे जगभर फिरतो आहे, आणि फिरता फिरता त्याचे चित्रपटाचे नाव झाले, दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांचे नाव झाले, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांचा साचा झाला. हाकेचे जेव्हा नाव होते, तेव्हा ज्याला हाक मारली त्याचे काय होते, एवढेच आम्हांला येथे पाहावयाचे आहे.

मुळापासून सुरुवात करू. १९६५ साली एड्रियन क्रोनॉअर हे अमेरिकन हवाई दलातील सार्जंट सायगाव येथील सैनिकी रेडिओ केंद्रावर सकाळचा कार्यक्रम सादर करू लागले. पहाटेच्या कार्यक्रमाचा आरंभ ते ‘गुड मॉर्निंग, व्हिएतनाम’ या शब्दांनी करीत, आणि त्यातला ‘गुड’ ऐकणाऱ्याची झोप उडेपर्यंत लांबवीत. १९६६ मध्ये त्यांची मुदत संपली. ते मायदेशी परतले. पुकारा मात्र तेथेच राहिला. त्यांच्यामागून आलेल्या निवेदकांनी तो चालू ठेवला. पुढे अमेरिकन दूरचित्रवाणीवर शब्दकोड्यांच्या खेळाचे सूत्रधार म्हणून प्रसिद्धी पावलेले पॅट सेजॅक हे त्यांपैकीच एक. म्हणजे चित्रपट निघण्याच्या कितीतरी आधी ही हाक एका माणसाची राहिली नव्हती. ती त्या खुर्चीची झाली होती.

चित्रपट आला तो १९८७ च्या डिसेंबरात. दिग्दर्शक बॅरी लेव्हिन्सन, नायक रॉबिन विल्यम्स. ध्वनिक्षेपकासमोरचा बराचसा भाग विल्यम्स यांनी आयत्या वेळी सुचेल तसा बोलून रंगवला. खऱ्या क्रोनॉअर यांचे आणि पडद्यावरच्या क्रोनॉअरचे साम्य बेताचेच. ते स्वतः सांगत, की पडद्यावरच्या इसमाने केले त्यातले निम्मे जरी आपण केले असते तरी लष्कराने आपल्याला तुरुंगात टाकले असते. पण आमचा मुद्दा चरित्राच्या खरेखोटेपणाचा नाही. आमचा मुद्दा शीर्षकातल्या एका स्वल्पविरामाचा आहे. ‘मॉर्निंग’नंतर तो येतो आणि ‘व्हिएतनाम’ला संबोधन बनवतो. व्याकरण सांगते की येथे व्हिएतनामला हाक मारली जात आहे. वस्तुस्थिती सांगते की हाक मारली जात होती ती व्हिएतनाममध्ये पाठवलेल्या अमेरिकन सैनिकांना. ज्यांचा तो देश, ते त्या वाक्यात कोठेच नव्हते. त्यांच्या देशाचे नाव घेऊन, त्यांच्याच आकाशातून, भलत्यांचीच सकाळ शुभ होत होती.

चित्रपटाला हे अगदीच कळलेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. दोन ठिकाणी ते त्याला कळले आहे. पहिले ठिकाण लुई आर्मस्ट्राँगच्या गाण्याचे. जग किती सुंदर आहे असे सांगणारे ते मंद गाणे रेडिओवर लागते, आणि पडद्यावर भाताची खाचरे, बाजार, सैनिक, स्फोट आणि रस्त्यावरची मारहाण दिसत राहते. (चित्रपटातला काळ १९६५ चा आणि गाणे १९६७ चे, हा दोष जाणकारांनी पूर्वीच काढला आहे. चित्रपटाने त्या गाण्याला दुसरा जन्म दिला, हेही तितकेच खरे.) त्या काही मिनिटांत कॅमेरा प्रथमच निवेदकाच्या तोंडावरून हटतो आणि ज्याचे नाव पुकारले त्याच्याकडे वळतो. दुसरे ठिकाण शेवटाकडचे. क्रोनॉअरने ज्याला मित्र मानले तो तुआन नावाचा व्हिएतनामी मुलगा दुसऱ्या बाजूचा निघतो. क्रोनॉअर त्याला शत्रू म्हणतो, तेव्हा शत्रू कोण, असा उलट प्रश्न तो करतो. तुम्ही इतक्या दुरून येऊन आमच्या माणसांना मारता, असे सुनावतो. संपूर्ण चित्रपटात ‘गुड मॉर्निंग, व्हिएतनाम’ या हाकेला व्हिएतनामने दिलेले उत्तर ते हेच. खेद एवढाच की दिग्दर्शक तेथे थांबत नाही. तो घाईने आपल्या नायकाच्या निरोपसमारंभाकडे वळतो, आणि निरोपही ध्वनिफितीवरून ऐकवला जातो. बोलणारा तोवर निघालेला असतो.

चित्रपटाचे चित्रीकरण थायलंडमध्ये झाले ही गोष्ट आम्ही दोष म्हणून सांगत नाही. युद्ध संपून एक तप उलटले होते, तरी दोन्ही देशांत राजनैतिक संबंध नव्हते. दुसरा मार्ग नसावा. पण ज्याला हाक मारायची तो समोर नसला तरी हाक मारता येते, किंबहुना जास्त मोकळेपणाने मारता येते, याचे हे बोलके उदाहरण आहे. या संदर्भात खऱ्या क्रोनॉअर यांच्या उत्तरायुष्यातील एक गोष्ट आम्हांला चित्रपटाहून अधिक विचार करावयास लावते. ते वकील झाले, आणि पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील युद्धकैदी व बेपत्ता सैनिकांसाठीच्या कार्यालयात त्यांनी काम केले. तरुणपणी ज्यांना त्यांनी रोज सकाळी उठवले, त्यांच्यातलेच काही जण कधी उत्तर देऊ शकले नाहीत. त्यांचा ठावठिकाणा लावण्याचे ते काम. २०१८ च्या जुलै महिन्यात क्रोनॉअर निवर्तले.

आता मुंबईकडे येऊ. १ सप्टेंबर २००६ रोजी राजकुमार हिरानी यांचा ‘लगे रहो मुन्नाभाई’ प्रदर्शित झाला, आणि विद्या बालन यांच्या तोंडून ‘गुड मॉर्निंग मुंबई’ घरोघर पोहोचले. सायगावच्या पुकाऱ्याशी त्याचे नाते उघड आहे : तोच ताणलेला स्वर, तेच शेवटी आदळणारे स्थळाचे नाव. खासगी एफ.एम. केंद्रे तेव्हा मुंबईत नवी होती. ती २००२ पासून सुरू झाली, आणि निवेदिका ही शहरी तरुणाईची नवी नायिका ठरत होती. उसने घेतलेल्या वस्तूचा अव्हेर करावा असे आमचे मत नाही. उसनी वस्तू घरात आणून तिचे काय केले, हे मात्र पाहिले पाहिजे.

हिरानी यांनी केले ते असे. मूळ चित्रपटात हाक अनेकांना जाते आणि उत्तर कुणाचेच येत नाही. येथे हाक साऱ्या शहराला जाते आणि एक माणूस ती आपल्याला एकट्यालाच मारली आहे असे समजून उठतो. मुन्ना गुंड आहे, अडाणी आहे, प्रेमात आहे. मुंबई या शब्दाचा अर्थ त्याने ‘मी’ असा लावला. हास्यास्पद आहे खरे. पण हाक ऐकण्याची हीच एक रीत आहे, हे आपल्या भाविक वाचकांना सांगावयास नको. लबाडीने प्रश्नमंजूषा जिंकून तो निवेदिकेला भेटतो, तिच्याशी खोटे बोलतो, आणि त्या खोट्याच्या पोटी त्याला गांधीजी दिसू लागतात. गांधीजींची भूमिका आपले दिलीप प्रभावळकर यांनी केली. आवाज न चढवता, हात न उगारता, केवळ समोरच्याचे ऐकून घेण्याच्या ढबीवर त्यांनी ती उभी केली; त्या वर्षीचा साहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना ‘शेवरी’ आणि या चित्रपटासाठी मिळाला, तो योग्यच होता. पुढे रेडिओचे रूपच पालटते. बोलणारे केंद्र ऐकणारे केंद्र होते. लोक दूरध्वनी करून आपली संकटे सांगतात. निवृत्तिवेतनासाठी अडवला गेलेला वृद्ध शिक्षक कारकुनासमोर अंगावरचा एकेक कपडा उतरवून ठेवतो, तो प्रसंग कोण विसरेल?

आमच्या वाचकांना विशेष जवळचा वाटावा असा धागा व्हिक्टर डिसोझाचा. वडिलांचे सात लाख रुपये त्याने शेअर बाजारात घालवले आहेत आणि जगण्याची वाट त्याला दिसत नाही. मुन्नाच्या सांगण्यावरून तो वडिलांसमोर उभा राहून खरे सांगतो आणि टॅक्सी चालवून पैसे फेडू लागतो. पापनिवेदनाचा संस्कार ज्यांच्या अंगवळणी आहे त्यांना येथील क्रम लगेच ओळखू येईल : पश्चात्ताप, उच्चार, भरपाई. हिंदी चित्रपटाने आपल्या समाजाला बहुधा मद्याच्या पेल्यासह किंवा गिटारसह दाखवले. येथे एक कॅथलिक तरुण केवळ आपल्या सदसद्विवेकासह उभा आहे. आमची तक्रार आहे ती वेगळीच. रेडिओवरचे गांधीजी प्रत्येक प्रश्नाला अर्ध्या मिनिटात तोडगा देतात. खरी सदसद्विवेकबुद्धी इतकी तत्पर नसते.

खरे गांधीजी आकाशवाणीच्या केंद्रावर एकदाच गेले, हे येथे आठवते. १२ नोव्हेंबर १९४७, दिवाळीचा दिवस. कुरुक्षेत्राच्या छावणीत फाळणीचे निर्वासित होते. गांधीजींना त्यांच्याकडे जाता आले नाही, म्हणून ते दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रावर गेले आणि तेथून त्यांच्याशी बोलले. सारा देश ऐकू शकत होता, पण बोलणे देशाला उद्देशून नव्हते. ते तंबूंत राहणाऱ्या त्या माणसांना होते, आणि ती माणसे छावणीत ते ऐकत होती.

याच ठिकाणी मराठी व्याकरणाचा एक गुण आमच्या ध्यानात आला. आपल्या भाषेत हाकेला स्वतःचे प्रत्यय आहेत. बंधूंनो, भगिनींनो, मुलांनो. अधिक आदर असेल तर श्रोतेहो, वाचकहो. हा ‘नो’ किंवा ‘हो’ लागला की शब्द समोरच्या माणसाकडे तोंड करतो. मग त्याला पाठमोरा करता येत नाही. गावाच्या नावाला मात्र असा प्रत्यय लागत नाही. ‘मुंबई’ ही हाक आहे की पाटी, हे शब्दावरून सांगता येत नाही. ‘मुंबईकरांनो’ म्हटले असते तर कळले असते. आणि मग पळस्प्याच्या टपरीवाल्यालाही स्पष्ट समजले असते की आपल्याला यातून वगळले आहे. ‘गुड मॉर्निंग’नंतर नुसते स्थळनाम ठेवण्याची सोय हीच आहे. कुणालाही बोलावले नाही आणि कुणालाही वगळले नाही. म्हणूनच हा साचा इतका खपला. अमेरिकेत ‘गुड मॉर्निंग अमेरिका’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम १९७५ पासून, म्हणजे चित्रपटाच्याही आधीपासून चालू आहे. आपल्याकडे झी मराठीवर ‘गुड मॉर्निंग महाराष्ट्र’ झाले. पुरवण्यांच्या मथळ्यांत तर कोणतेही शहर घालावे. पळस्पे फाट्यावरच्या दिशादर्शक पाट्या अशाच असतात : पुणे, गोवा. त्या नाव घेतात, बोलावीत कुणालाच नाहीत.

याच्या उलट अमीन सयानी यांचे ‘बहनो और भाइयो’ आठवून पाहावे. डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. आकाशवाणीने तेव्हा चित्रपटगीतांना जवळजवळ दार लावले होते, त्यामुळे बुधवारी रात्री आठ वाजता देशाचे कान सिलोनकडे लागत. सयानी मुंबईचेच. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी यांनी नवसाक्षरांसाठी गांधीजींच्या प्रेरणेने ‘रहबर’ हे नियतकालिक देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत चालवले, आणि लहान वयात अमीन त्या कामात हात लावीत. नुकते वाचावयास शिकलेल्या माणसाशी कसे बोलावे याचे शिक्षण त्यांना असे घरातच मिळाले. ते त्यांच्या अभिवादनात उतरले आहे. इतरांप्रमाणे भावांना आधी न घालता त्यांनी बहिणींना आधी घातले. आणि दोन्ही शब्दांना संबोधनाचा ‘ओ’ आहे. नकलाकारांनी त्याची नक्कल खूप केली, परंतु त्या शब्दांची ओळख अखेरपर्यंत त्या एका आवाजाशीच जडलेली राहिली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी सयानी गेले, तेव्हा वृत्तपत्रांना ते तीन शब्द छापल्यावाचून राहवले नाही, आणि छापलेले शब्दही वाचकांना कानांत ऐकू आले. प्रत्ययाने हाकेचे रक्षण केले, असे आम्ही म्हणू.

एका एफ.एम. केंद्राच्या ‘बजाते रहो’ या घोषवाक्याविषयी फार लिहावे असे नाही. २०१३ मध्ये त्याच नावाचा चित्रपट निघाला, फसवणाऱ्या धनिकाला फसवून पैसे परत मिळवण्याची गोष्ट. घोषवाक्यातली द्व्यर्थी टवाळी नावात आली आणि तेवढीच राहिली. ते मुळात अभिवादन नव्हतेच. त्यात गमावण्यासारखे काही नव्हते.

परंतु हाकेचे शीर्षक झाले की ती मरतेच, असा सिद्धांत आम्ही मांडू लागलो तर आमच्याच देवळातून आम्हांला उत्तर मिळेल. जगात सर्वांत जास्त वेळा शीर्षक झालेले अभिवादन कोणते? ‘आवे मारिया’. देवदूताने नाझरेथच्या कुमारिकेला केलेला तो नमस्कार. शूबर्टची १८२५ ची रचना मुळात ती प्रार्थना नव्हेच. वॉल्टर स्कॉट यांच्या काव्यातील एलन या मुलीचे ते गीत, जर्मन भाषांतरातून आलेले. लॅटिन प्रार्थनेचे शब्द त्या चालीवर मागाहून बसवले गेले. गूनो यांनी बाखच्या एका वादनरचनेवर आपली सुरावट चढवली आणि तिलाही पुढे हेच नाव मिळाले. वसईपासून मडगावपर्यंत किती लग्नांत या दोन चाली वाजल्या असतील! तबकड्यांवर, कॅसेटींवर, कार्यक्रमपत्रिकांवर हे शब्द शीर्षक म्हणून हजारदा छापले गेले. तरी ते पाटी झाले नाहीत. कारण गाणाऱ्याने तोंड उघडले की त्यातले नाव पुन्हा एका व्यक्तीकडे वळते. आणि लूकच्या शुभवर्तमानात त्या अभिवादनाचे पहिले श्रवण कसे झाले? मरिया गोंधळली, हा कसला नमस्कार, याचा ती विचार करू लागली. अभिवादनाची पहिली समीक्षा तीच, असे म्हणण्याचा मोह आम्हांला होतो. तिचे उत्तर आले तेव्हाच तो नमस्कार पुरा झाला.

आपल्या उपासनेलाही या प्रश्नातून सुटका नाही. महासभेपूर्वीच्या लॅटिन मिस्सेत ‘दोमिनुस वोबिस्कुम’ म्हटले जाई आणि बहुतेक वेळा उत्तर देई तो वेदीसेवक. बाकीचे देऊळ जपमाळ ओढीत असे. दुसरी व्हॅटिकन महासभा १९६५ च्या डिसेंबरात समाप्त झाली. सायगावचा पुकारा सुरू झाला ते वर्षही हेच. पुढील काही वर्षांत ‘प्रभू तुम्हांबरोबर असो’ असे मराठीत कानांवर येऊ लागले आणि उत्तर सर्वांचे झाले. केवढा हा पालट! आणि तरी रविवारच्या तिसऱ्या मिस्सेला मागच्या बाकांवर बसून पाहावे. वेदीवरचा ध्वनिक्षेपक उत्तम असतो, छताखालचे पंखे फिरत असतात, आणि प्रत्युत्तर असे पुटपुटले जाते की ते त्या पंख्यांच्या वर जात नाही. प्रवचनातील ‘प्रिय बंधुभगिनींनो’ला तर आता विरामचिन्हाची योग्यता आली आहे. मुद्दा बदलताना ते येते. दोष धर्मगुरूंचा आणि आमचाही. ‘वाचकहो’ हा शब्द आम्ही याच पानांवर किती वेळा कुणालाही समोर न आणता लिहिला, याचा हिशेब आम्ही ठेवलेला नाही.

शेवटी एका शीर्षकाचा उल्लेख करावयाचा राहिला, आणि ते आम्हांला या सर्वांत विचारपूर्वक ठेवलेले वाटते. २०१७ च्या नोव्हेंबरात सुरेश त्रिवेणी यांचा ‘तुम्हारी सुलू’ आला. नायिका पुन्हा विद्या बालन, पुन्हा रेडिओ. पण अकरा वर्षांपूर्वीची सकाळ आता रात्र झाली आहे, आणि मुंबईला जागी करणारी तरुणी आता विरारच्या सदनिकेत राहणारी, बारावीही न झालेली, बहिणींचे टोमणे खाणारी गृहिणी आहे. आपल्या वसईकरांच्या ओळखीतली ती लोकल, तो जिना, ती डब्यांची घाई. शीर्षक हाकेचे नाही. ते पत्राखालच्या सहीचे आहे. ‘तुमची, सुलू.’ हाक मारणारा श्रोत्याला आपल्याकडे ओढतो. सही करणारी स्वतःला श्रोत्याच्या हवाली करते. ‘व्हिएतनाम’ किंवा ‘मुंबई’च्या जागी येथे एका माणसाचे नाव आले, आणि तेही ऐकणाऱ्याचे नव्हे, बोलणारीचे.

हवाली करण्याची किंमत चित्रपट टाळत नाही, हा त्याचा मोठेपणा. रात्रीच्या एकाकी पुरुषांची ‘तुमची’ होताना घरचा नवरा, ज्याला ती खरोखर लाभली आहे, मुका होत जातो. शाळकरी मुलगा शाळेत कसल्या भानगडीत अडकला आहे हे तिला उशिरा कळते, आणि एके दिवशी तो घर सोडून निघून जातो. पूर्वार्धात ज्या आवाजाने साऱ्या शहराला कवेत घेतले, त्याच आवाजाला उत्तरार्धात एका मुलाला शोधत फिरावे लागते. पटकथेने पुढे सगळे थोडे लवकर जुळवून आणले, असे आमचे मत आहे. पण मुलगा सापडेपर्यंतची ती दृश्ये आम्ही पुन्हा पाहिली. त्यांत ध्वनिक्षेपक नाही, पार्श्वसंगीत जवळजवळ विसरल्यासारखे होते, आणि विद्या बालन यांच्या चेहऱ्यावर एवढेच दिसते की ही बाई आता कान देऊन ऐकते आहे.